मुलांशी जातीबद्दल कधी बोलायचं, कसं बोलायचं?

"आई, आपली जात कोणती?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. कुणाकडे तो पहिली-दुसरीत येतो, कुणाकडे शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना. कधी कधी तो दुसऱ्याच रूपात येतो. "मैत्रिणीच्या आजीने सगळ्यांना घरात घेतलं, मला ओट्यावरच का बसवलं?" "वर्ग झाडायला सर नेहमी मलाच का सांगतात?" "पप्पा, आपलं आडनाव बदलता येतं का?"

आपण बहुतेक जण काय उत्तर देतो? "तू अभ्यासाकडे लक्ष दे." "असं काही नसतं आता." "तिच्या घरी जाऊच नकोस." आईबाप हे प्रेमापोटीच बोलतात. आपण जे सोसलं ते पोरांच्या कानावरही पडू नये, असं वाटतं. पण मुलाला प्रश्न पडला म्हणजे त्याने काहीतरी पाहिलेलं असतं. घरात उत्तर मिळालं नाही की ते स्वतःच उत्तर शोधतं. आणि लहान मुलाला सुचणारं सगळ्यात सोपं उत्तर असतं, "माझ्यातच काहीतरी खोट असेल."

म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी अनेक वर्षं वॉर्डात काम केलं. आता भातसानगर आणि शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांवर आरोग्याच्या कामासाठी फिरते. आया माझ्याकडे मुलांच्या पोटदुखीची, डोकेदुखीची, झोपेची तक्रार घेऊन येतात. त्यातल्या काही तक्रारींचं मूळ शाळेत, खेळण्याच्या मैदानात किंवा शेजारच्या आळीत असतं.

अपमान अंगात कसा उतरतो

एखादं मूल सोमवार ते शनिवार सकाळी पोट धरून बसतं आणि रविवारी मात्र छान खेळतं. आपण म्हणतो, नाटक करतंय. नाटक नसतं ते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. भीती वाटली की पोटात कळ येते, मळमळतं, जुलाब होतात. परीक्षेच्या दिवशी आपल्यालाही हा अनुभव येतो. फरक एवढाच की परीक्षा संपते. रोज टोमणे ऐकणाऱ्या मुलाची परीक्षा संपत नाही.

सतत धास्ती असली की शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. त्याने झोप बिघडते, भूक बिघडते, लक्ष लागत नाही. पुढे मोठेपणीच्या आजारांनाही हा ताण हातभार लावतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली वंशभेद आणि मुलांचं आरोग्य या विषयावर आपली अधिकृत भूमिका जाहीर केली. वंशभेदाचा मुलांच्या तब्येतीवर परिणाम होतो, आणि डॉक्टरांनी त्याबद्दल घरच्यांशी बोललं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. तिथे वंश आणि रंग, आपल्याकडे जात. अंगात उतरण्याची रीत मात्र सारखीच.

एक सूचना. पोटदुखीचं कारण दरवेळी मनातच असतं असं धरू नका. आधी जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, रक्त कमी असणं हे सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तिथे काही सापडलं नाही आणि दुखणं शाळेच्या वेळेलाच येत असेल, तर मुलाशी बोलायची वेळ झाली आहे असं समजा.

मुलांना खरंच कळतं का?

"एवढ्याशा पोराला जात काय कळते?" असं आजी-आजोबा विचारतात. अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय नवरा-बायकोने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली निवडली. मग "यातली तुझ्यासारखी कोणती?" असं विचारलं तेव्हा काही मुलं रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या खटल्यात या कामाचा आधार घेतला गेला.

आता आपल्या देशातलं उदाहरण. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं तथाकथित वरच्या जातींतली, ३२१ दलित जातींतली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. नंतर कोडी देण्याआधी सगळ्यांसमोर प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. चारचौघांत जात पुकारली, एवढ्याने फरक पडला.

शिष्यवृत्तीच्या वेळी वर्गात "एससीवाले उभे राहा" असं पुकारलं जातं, तेव्हा काय होत असेल याचा यावरून अंदाज करा. पालक म्हणून आपण मुख्याध्यापकांना एवढं सांगू शकतो की नावं पुकारू नका, फॉर्मसाठी मुलांना एकेकाला बोलवा.

बाबासाहेबांची लहानपणची गोष्ट

मुलांना सांगायला आपल्याकडे एक गोष्ट आहेच. १९०१ सालची. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील रामजी सुभेदार बाहेरगावी नोकरीला होते. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून, आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं कोण आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं द्यायला तयार असूनही बसवून घेईनात. शेवटी एकजण तयार झाला, तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

बाबासाहेबांनी ही आठवण पुढे तीसेक वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात लिहून ठेवली. बॅरिस्टर झालेल्या, जगभर फिरलेल्या माणसाला ती तहान आठवत होती. "लहान आहे, विसरून जाईल" असं आपण म्हणतो, तेव्हा ही गोष्ट आठवा.

ही गोष्ट मुलाला सांगाल तर मसूरला थांबू नका. महाडपर्यंत या. ज्या मुलाला पाणी मिळालं नाही, त्याने २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांना सोबत घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. फक्त अपमानाच्या गोष्टी ऐकून मूल घाबरतं. लोकांनी त्याला कसं तोंड दिलं हे कळलं की त्याची मान वर होते.

काय बोललं तर फायदा, काय बोललं तर तोटा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत आईबाप मुलांशी वंशभेदाबद्दल पिढ्यान् पिढ्या बोलत आले आहेत. डायन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. घरातल्या बोलण्याचे त्यांनी मुख्य प्रकार सांगितले, ते आपल्या शब्दांत असे:

पहिला, अभिमान: आपला इतिहास, आपली माणसं, आपले सण मुलांना सांगणं. दुसरा, तयारी: बाहेर भेदभाव होऊ शकतो, झाला तर काय करायचं हे सांगणं. तिसरा, अविश्वास: "त्यांच्यातल्या कुणावरच भरवसा ठेवू नकोस" असं बजावणं. चौथा, "सगळी माणसं सारखी" एवढंच सांगणं किंवा विषयच न काढणं.

अभिमान मिळालेल्या मुलांचा आत्मविश्वास साधारणपणे चांगला राहतो, हे या अभ्यासांत बऱ्यापैकी सारखं दिसतं. तयारी उपयोगी पडते, पण नुसतीच धोक्याची घंटा वाजवत राहिलं तर मूल बिथरतं. नुसता अविश्वास शिकवला तर मुलांचं नुकसानच होतं. आपल्या घरांत पहिलं काम बरं चालतं. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन मुलांना पाठ असतात. तयारीचं काम मात्र राहून जातं. जयंतीला निळा झेंडा घेऊन नाचणाऱ्या पोराला "दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी हिणवलं तर काय बोलशील?" हे कुणी विचारत नाही.

वयाप्रमाणे कसं बोलायचं

तीन ते सहा वर्षं. जातीचा शब्द तुम्ही स्वतःहून काढायची गरज नाही. न्याय-अन्याय मात्र या वयात कळतो. "कुणी म्हणालं, तुझ्याशी खेळणार नाही, तर वाईट वाटतं ना? आपण कुणाला असं म्हणायचं नाही." मूल काळ्या-गोऱ्याबद्दल, कुणाच्या कपड्यांबद्दल मोठ्याने काही बोललं तर तोंड दाबू नका. "हो, कुणी सावळं असतं, कुणी गोरं असतं. आपल्या घरातही बघ ना," असं साधं उत्तर द्या.

सात ते अकरा वर्षं. आता शब्द सांगायचा. "पूर्वी लोकांनी माणसांच्या जाती पाडल्या, काहींना वरचं म्हटलं, काहींना खालचं. ते खोटं होतं. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि आता कायद्यानेही तो गुन्हा आहे. तरी काही लोक अजून तसं वागतात. कुणी तुझ्याशी तसं वागलं तर चूक त्याची असते, तुझी नाही." शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा. एकदा सांगून भागत नाही.

बारा ते अठरा वर्षं. या वयात मूल शहापूरला, आसनगावला, पुढे लोकल धरून कल्याण-ठाण्याला कॉलेजला जातं. तिथे भेदभाव तोंडावर कमी आणि गोड शब्दांत जास्त होतो. "पूर्ण नाव काय?" "किती टक्क्यांना ॲडमिशन झाली तुझी?" "तुम्हाला काय, सगळं फुकट." अशा वेळी काय बोलायचं हे घरी आधी बोलून बघा. तुम्ही वर्गमित्र व्हा, मुलाला उत्तर देऊ द्या. आरक्षण का आहे, घटनेचं कलम १७ काय सांगतं, हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आणि दरवेळी उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हेही सांगा. कधी निघून येणं, कधी मैत्रिणीला सोबत घेऊन मॅडमकडे जाणं, हाही शहाणपणा आहे.

बोलायला आईच हवी असं नाही. मुलगे वडिलांचं जास्त ऐकतात, आणि वडिलांनी "मलाही असं झालं होतं" एवढं म्हटलं तरी मुलाचा अर्धा भार उतरतो.

दाखल्यावरचा प्रश्न

"आपण बौद्ध ना? मग दाखल्यावर ते दुसरं का लिहिलंय?" हा प्रश्न आपल्याच घरांत येतो. गप्प बसलात तर मुलाला वाटतं, आपण काहीतरी लपवतोय. सरळ सांगा: "आपला धम्म बौद्ध. आपल्या पूर्वजांवर ज्या जातीच्या नावाने अन्याय झाला, ते नाव सरकार नोंदीसाठी विचारतं, म्हणजे भरपाईचा हक्क आपल्याला मिळतो. १९९० साली कायदा बदलून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. दाखला हा हक्काचा कागद आहे." डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं, हेही सांगा. नावं लोकांनी ठेवलेली असतात आणि लोकांना ती बदलता येतात, हे मुलांना यातून कळतं.

मूल रडत घरी आलं तर

आधी ऐका. हातातलं काम ठेवा, मोबाईल ठेवा. "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य गिळून टाका. लगेच काठी घेऊन शाळेकडेही धावू नका. मुलाला वाटतं, सांगितल्याने भांडण झालं, आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही.

मग विचारा: काय झालं, कोण काय म्हणालं, कोण जवळ होतं, तुला काय वाटलं. मुलाचे शब्द तसेच तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

मग सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आता काय करायचं ते आपण मिळून ठरवू." आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका.

आपल्या घरातली जात

आता थोडं कडू. आपल्याकडे कुणी घाणेरडं दिसलं, केस विस्कटलेले असले, तर "काय कातोड्यासारखा दिसतोस" असं आपल्याच वस्तीत सर्रास म्हणतात. ऐकणारं मूल कातकऱ्यांचं असेल तर त्याच्या पोटात तीच कळ येते, जी आपल्या मुलाच्या पोटात येते.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळीनंतर त्यांची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा सुटते, आणि मग "यांना शिकायचंच नसतं" असं लोक म्हणतात. आपल्या मुलाने कातकरी किंवा ठाकर मुलाला वाढदिवसाला घरी बोलावलं, तर आपण त्याला कुठे बसवतो, कुठल्या ताटात वाढतो, हे आपलं मूल बघत असतं. समतेबद्दल आपण जे बोलतो त्यापेक्षा हे ते जास्त लक्षात ठेवतं.

रंगाचंही तसंच. "पोरगी सावळी आहे, लग्नाचं कसं होणार?" असं पोरीसमोर बोलू नका. गोरं होण्यासाठी म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमं येतात, आणि क्रीम बंद केलं की त्रास आणखी वाढतो. असं क्रीम चालू असेल तर डॉक्टरांना दाखवूनच थांबवा. आणि पोरीच्या रंगाची चर्चा घरात आजपासून बंद करा.

शाळा आणि कायदा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा. त्या समितीत जा, सभेला हजर राहा. पोषण आहाराची पंगत कशी बसते, वर्ग आणि संडास कोण झाडतं, पाणी कोण काढून देतं, हे तिथे विचारता येतं.

दोन मुलांमध्ये चिडवाचिडवी झाली असेल तर शिक्षक आणि दोन्हीकडचे पालक बसून ती मिटवू शकतात. पण मोठ्या माणसाने लोकांसमोर जातीवरून अपमान केला, शिवीगाळ केली, तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली गुन्हा होऊ शकतो. त्यासाठी १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं

दोन-तीन आठवडे मूल शाळेला जायचंच नाही म्हणत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, मित्र-मैत्रिणी तोडल्या असतील, तर उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, स्वतःला इजा केली, तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि शेतीची औषधं, गोळ्या हाताशी राहू देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आज रात्री जेवताना मुलाला "आज काय शिकवलं?" याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "आज डबा खायला तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?" उत्तर लगेच येईल, किंवा मूल थोडं थांबेल. थांबलं तर घाई करू नका. ताट तसंच राहू द्या आणि ऐका.

जय भीम.